पावणेसहाचा दिवा

रावसाहेब खिल्लारे रोज पहाटे पावणेसहाला टेबललॅम्प लावत. पण त्या उजेडात त्यांना काही वाचताना कुणी पाहिलं नाही.

लॅम्प लावायचा, त्याची मान दोन्ही हातांनी हवी तशी वाकवायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघायचं आणि दाढीचं सामान घेऊन बाथरूममध्ये जायचं. लॅम्प हिरव्या टोपीचा, आत साठचा बल्ब. तो संगणकाच्या टेबलावर असे, आणि टेबलाच्या वर भिंतीला बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. नीलमला गुडगावला नेणारी ऑफिसची कॅब सहाला खाली येऊन हॉर्न वाजवी. ती अर्धवट झोपेत केस बांधत त्या खोलीतून जाई, तेव्हा लॅम्प लागलेला असे आणि आतून नळाचा आवाज येत असे. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या तिसऱ्या मजल्यावर दोन हिवाळे हे असंच चाललं होतं.

बाबा फोटोंसाठी दिवा लावतात, असं तिनं केव्हातरी मनाशी ठरवून टाकलं होतं. कसलंच कर्मकांड न मानणाऱ्या माणसानं म्हातारपणी हे सुरू करावं, याचं तिला जरा हसूही यायचं. एकदा तिनं विचारलं होतं, “बाबा, आता तुम्ही पण दिवाबत्ती?”

साबणाच्या फेसातून ते म्हणाले होते, “मग! म्हातारा झालो ना.”

तेवढ्यावर ते राहिलं.

जानेवारीच्या नऊ तारखेला रावसाहेब दूध आणायला खाली गेले आणि बूथच्या रांगेतच बसले. पुढच्या माणसाला वाटलं, थंडीनं अंग आकसून बसलेत. त्या दिवशी धुकं इतकं होतं, की नीलमची कॅब गुडगावला पोचायलाच दोन तास लागले. ती ऑफिसात शिरली तेव्हा तिच्या टेबलावरचा फोन वाजत होता.

नंतरचे दिवस तिला सलग आठवत नाहीत. माणसं आली, बसली, गेली. सगळ्यांच्या स्वेटरांना धुक्याचा एकच वास होता. खालच्या मजल्यावरच्या शर्माआंटी आपले स्टीलचे मोठे डबे भरून भाजीपोळी पाठवत होत्या आणि नीलम ते डबे धुऊन, पुसून, परत देत होती. रडायला येत नव्हतं. येणाऱ्या बायका आधी आईजवळ बसत, मग तिच्याकडे वळून हलक्या आवाजात विचारत, “शेवटी काही बोलले का गं?”

“नाही,” नीलम म्हणायची. “काही नाही.”

हे खोटं होतं.

त्या सकाळी कॅबचा हॉर्न वाजला तेव्हा लॅम्पचा उजेड डोळ्यांत आला, म्हणून तिनं जाता जाता बटणाकडे हात नेला होता. बाबांनी बाथरूमच्या दारातून तिला थांबवलं. नळ चालू होता, हॉर्न पुन्हा वाजला; त्यांचं सगळं बोलणं तिला ऐकूही आलं नाही. एक शब्द तेवढा स्वच्छ ऐकू आला. तो हिंदी होता, आणि त्याचा अर्थ कंटाळा असा होता.

कंटाळ्यापेक्षाही तो शब्द हिंदी होता, हे तिला जास्त लागलं. कारण त्या घरात एक नियम होता. हिंदी चपलांबरोबर रॅकवर ठेवून आत यायचं. लहानपणी आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये ती शाळेतून येऊन “भूख लागली” म्हणाली, की बाबा ताट पुढे करायचे नाहीत. “काय लागली?” “भूख.” “ती इथं मिळत नाही. शेजारी जा.” मग ती चिडून “भूक! भूक!” असं ओरडायची आणि ते हसत वाढायचे. असा माणूस घरात, स्वतःहून, हिंदी शब्द वापरतो, तर तो किती कंटाळला असेल? निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. नवीन कॉलनी, अर्धे फ्लॅट रिकामे, ओळखीचं कुणी नाही, मुलगी सहाला जाते आणि रात्री जेवायलाच येते. तिनं हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला कुणी नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम एकोणीस तारखेच्या रविवारी ठरला. सोसायटीचा हॉल मिळाला, कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या जुन्या गेस्ट हाउसातल्या कुणीतरी भन्तेजींना आणायची जबाबदारी घेतली. प्रश्न एकच राहिला. कळवायचं कुणाला?

रावसाहेब एकोणसत्तर साली परभणीकडून दिल्लीला आले आणि एकतीस वर्षं एका मंत्रालयात नोकरी करून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे, की मराठवाड्यातून, विदर्भातून कुणी पोरगा नोकरीचा कागद आणि पत्र्याची ट्रंक घेऊन नवी दिल्ली स्टेशनवर उतरला, की त्याच्याजवळ एक पत्ता असायचा, तो आर. के. पुरमचा. आठवडाभर, कधी महिनाभर, तो त्यांच्या बाहेरच्या खोलीत राहायचा. मग त्याला क्वार्टर मिळायचं, त्याचं लग्न व्हायचं, तो फरिदाबादला, नोएडाला, जनकपुरीला पांगायचा. रावसाहेब प्रत्येकाचं नाव, पत्ता, फोन एका जाड वहीत लिहून ठेवत. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी संगणक घेतला तो या वहीसाठीच.

घेतला म्हणजे बांधला. नेहरू प्लेसला दर शनिवारी जाऊन एकेक भाग आणला. मॉनिटर मांडीवर घेऊन ते बसनं आले, तेव्हा नीलमची आई, कौसल्याबाई, दारातच म्हणाल्या, “हे नवीन बाळंतपण कुणाचं?” मराठी लिहिण्यासाठी एक वेगळं कार्ड लागायचं, ते मदरबोर्डच्या एका लांब खाचेत बसवलं, की पडद्यावर मराठी उमटे. दीड वर्ष ते दोन बोटांनी यादी टाइप करत होते. काम संपलं त्या दिवशी त्यांनी जुनी वही रद्दीत घातली.

“आणि हा डबा बंद पडला तर?” कौसल्याबाईंनी विचारलं होतं.

“कागद फाटतो, भिजतो. हा का पडेल बंद?”

तो आता बंद पडला होता. बटण दाबलं की पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा, पडदा काळाच. कधी एक बारीक शीळ ऐकू यायची आणि सगळं थांबायचं. सोमवारी नीलमनं पंधरा वेळा बटण दाबलं असेल. मग तिनं प्रफुल्लला फोन केला.

प्रफुल्ल रामटेके पलीकडच्या सेक्टरमध्ये राहायचा आणि नेहरू प्लेसला संगणक जोडून विकायचा. पंधरा वर्षांपूर्वी नागपूरहून आला तेव्हा तोही त्याच बाहेरच्या खोलीत उतरला होता. बूट काढता काढता त्यानं “जय भीम, काकू” म्हटलं, कौसल्याबाईंनी मान हलवली. त्या चार दिवसांत फारसं काही बोलल्या नव्हत्या. विचारलं की मान हलवायची, ताट आलं की दोन घास खायचे.

“साइडचा पत्रा कुठाय?” प्रफुल्लनं विचारलं.

“तो नसतोच. बाबा लावायचे नाहीत.”

“बरोबर. हात घालायला सोपं.” त्यानं मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, पुन्हा बसवली. बटण. काळा पडदा. पॉवर सप्लाय काढून स्वतःचा लावला. काळा पडदा. बोर्डवरचा छोटा गोल सेल बदलला. “यार, हे काकांसारखंच आहे. ऐकतंय सगळं, बोलत काही नाही.” बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच कसंसं झालं आणि तो खाली बघत राहिला. नीलमला वाईट वाटलं नाही. तिला काहीच वाटलं नाही.

मंगळवारी दुपारी गंमत झाली. धुकं फाटलं, बाल्कनीतून ऊन थेट टेबलापर्यंत आलं, आणि नीलमनं सहज बटण दाबलं तर संगणक एका झटक्यात चालू झाला. ती खुर्चीवर बसेपर्यंत पडद्यावर बाबांचा फोल्डर दिसत होता. तिनं यादी उघडली. पहिली ओळ वाचायच्या आत लाईट गेली. लाईट परत आली तेव्हा ऊन समोरच्या टॉवरमागे गेलं होतं, आणि पडदा पुन्हा काळा तो काळाच.

“लूज कॉन्टॅक्ट,” प्रफुल्ल फोनवर म्हणाला. “डिस्क काढून माझ्याकडे लावतो. टेन्शन नको घेऊस.”

त्यानं डिस्क नेली आणि रात्री जेवायच्या वेळेला परत आणून जागेवर बसवली. त्याच्याकडे फाइल उघडली होती, पण तिच्यात मराठी नव्हतं. आडवेतिडवे इंग्रजी अक्षरांचे तुकडे, टोप्या घातलेले स्वर, भागाकाराची चिन्हं, पानामागून पान. मराठी दिसायचं तर ते कार्ड पाहिजे आणि ते कार्ड बसेल अशी खाच आताच्या कुठल्याच बोर्डावर येत नाही.

“म्हणून काकांनी बोर्ड बदलला नाही,” प्रफुल्ल म्हणाला. “मी दहा वेळा सांगितलं, नवीन टाकू. म्हणायचे, मग मराठी कुठं बसेल?” त्यानं टॉर्च मारून बोर्डावरचे छोटे डबीसारखे भाग दाखवले. त्यांची डोकी फुगली होती. “हे गेलेत. एकजण आहे बदलून देणारा, पण सोमवारच्या पुढचं बोलतोय.”

“कार्यक्रम रविवारी आहे.”

“माहितीये मला.” मग टॉर्च विझवून, “मला ज्यांची नावं ठाऊक आहेत त्यांना सांगतो ना. तीस-चाळीस तरी होतील.”

यादीत दोनशेच्या वर माणसं होती, एवढं नीलमला माहीत होतं. पेपरात दिलं तर ते हिंदी-इंग्रजी पेपर कोण बघणार, आणि कुठल्या रावसाहेबांबद्दल आहे हे कुणाला कळणार? एकतीस वर्षं ज्यांनी लोकांना स्टेशनवरून घरी आणलं, त्यांना निरोप द्यायला रिकाम्या खुर्च्या असणार होत्या. हे तिला कळत होतं. कळत होतं, पण पोचत नव्हतं. सर्दीत जेवणाची चव कळावी तसं.

बुधवारी सकाळी तिनं टेबलाचा खण उपसला. वाटलं, कुठे कागदावर छापलेली एखादी प्रत असेल. प्रत नव्हती. एक शाळेची दोनशे पानी वही होती. कव्हरवर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, ‘संगणक. तब्येत.’

आत तारखावार नोंदी होत्या. ‘दोनदा नकार, तिसऱ्यांदा उठला.’ ‘पंख्यात धूळ. साफ केली. खूश.’ ‘प्रफुल्ल बोर्ड बदल म्हणतो. नाही.’ नीलम वाचत गेली. मधली पानं सोडून ती गेल्या नोव्हेंबरवर आली, आणि तो शब्द दिसला. तोच, त्या सकाळी बाथरूमच्या दारातून ऐकलेला.

‘थंडी सुरू. ऊब दहा मिनिटं.’

‘ऊब दहा मिनिटं.’

‘ऊब बारा मिनिटं.’

रोज एक ओळ. डिसेंबरात पंधरा. सहा जानेवारीला अठरा. शेवटची नोंद आठ तारखेची, ‘ऊब वीस मिनिटं. रोज वाढते आहे.’

ती वही मांडीवर घेऊन बसून राहिली. बाबा आपला कंटाळा मोजत होते. ती कॅबमध्ये झोपलेली असायची तेव्हा ते इथं बसून घड्याळ लावून मोजत होते, की आज किती मिनिटं जगण्याचा उबग आला, आणि नीट, तारीख घालून, लिहून ठेवत होते. तिला वाटलं आता तरी रडू येईल. आलं नाही. फक्त बोटं गार पडली.

कौसल्याबाई पलंगावर शाल पांघरून बसल्या होत्या. नीलम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आई, बाबा बोअर व्हायचे का गं? इथं आल्यापासून?”

कौसल्याबाईंनी वर बघितलं.

“त्यांनी लिहून ठेवलंय. रोज. हे बघ ना. ऊब, ऊब, ऊब. मला पण म्हणाले, जायच्या आधी.” तिचा आवाज सपाट होता. “मी थांबले नाही.”

कौसल्याबाईंनी वही घेतली, लांब धरून वाचली. मग आणखी लांब धरली. आणि सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य आलं.

“नीलम, ऊब म्हणजे काय?”

“कंटाळा. ऊब जाना.”

“अगं शहाणे.” त्यांच्या चेहऱ्यावर हसू की काय ते नीट कळेना. “एमे झालीस ना? ऊब म्हणजे ऊब. गोधडीत असते ती. कोंबडी अंड्यावर बसून देते ती.” नीलमला अजून कळलेलं दिसेना, तेव्हा त्यांनी तिचा गार हात ओढून आपल्या शालीच्या आत घेतला. “ही. हिला काय म्हणतेस तू?”

“गरमी.”

“गरमी वेगळी. गरमीनं माणूस वैतागतो.” त्यांनी शाल तिच्या हातावर ओढली. “तू झालीस तेव्हा अशीच थंडी होती. सव्वादोन किलोची होतीस. त्या क्वार्टरच्या फटींतून वारं यायचं. तर हे साठचा बल्ब लावून ठेवायचे तुझ्या पाळण्याशी. मी म्हणे, पोरीच्या डोळ्यांवर उजेड येतो. तर म्हणायचे, असू दे, ऊब पाहिजे तिला.”

साठचा बल्ब.

नीलमनं मान वळवून टेबलाकडे पाहिलं. लॅम्प जागेवरच होता. पण बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो तिथे ठेवला, तेव्हा आईनं लॅम्पची मान वळवून त्या फोटोकडे केली होती, आणि तेव्हापासून तो रात्रंदिवस फोटोच्या काचेवर तेवत होता. त्याआधी दोन हिवाळे त्याची मान कुठं असायची? खाली. भिंतीकडे नाही, फोटोंकडे नाही. ज्या बाजूला पत्रा नव्हता त्या बाजूनं आत, बोर्डाच्या अंगाशी.

मंगळवारचं ऊनही तिथंच पडलं होतं.

ती उठली. लॅम्पची मान दोन्ही हातांनी धरली, कच्चकन आवाज होऊन ती खाली आली. हिरवी टोपी फुगलेल्या डब्यांपासून चार बोटांवर आणून तिनं घड्याळ बघितलं. वीस मिनिटं म्हणजे किती असतात हे तिला त्या दिवशी कळलं. आई पलंगावरून म्हणाली, “बटणाकडे नको बघत बसूस, दूध ठेव.” तिनं दूध ठेवलं, ते वर आलं, गॅस बंद केला, दोन कप चहा केला, गाळला. पंचवीस मिनिटांनी तिनं बटण दाबलं.

पंखा फिरला. एक छोटी, ठाम शीळ वाजली. पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली.

यादी छापून होईपर्यंत संगणक कुणी बंद करायचा नाही, असं ठरलं. प्रफुल्ल अर्ध्या तासात आला; बरोबर प्रिंटर आणि बॅटरीचा खोका, लाईट गेली तर. लॅम्प बघून त्यानं कपाळाला हात लावला. “हे फुगलेले भाग तापले की चालतात. काका हेअर ड्रायरचं काम लॅम्पवर करत होते! आणि मी खोडरबर घासतोय.” तो छापायला लागला आणि नीलम पहिलं पान हातात घेऊन उभी राहिली.

नाव, पत्ता, फोन. आणि शेवटचा रकाना, शेरा. ‘मुलीला दमा. वसंत पंचमीपर्यंत जपावं लागतं.’ ‘मीठ कमी खातो.’ ‘बायको तेलुगू, विजयालक्ष्मी. मराठी शिकते आहे, चुका काढू नयेत.’ ‘पहिल्या रात्री रडला. कुणाला सांगायचं नाही.’ दोनशे सतरा ओळी. अगदी वर, क्रमांक एकला, कौसल्या, शेऱ्यात ‘विचारल्याशिवाय सांगत नाही’. क्रमांक दोन, नीलम. ‘सहाची कॅब. डबा विसरते.’

ती चार दिवस फोन करत राहिली. “नमस्कार, मी रावसाहेब खिल्लाऱ्यांची मुलगी बोलतेय.” पलीकडे आधी आनंदाचा आवाज यायचा, मग “कधी?” दमेकरी मुलगी आता डॉक्टर झाली होती. विजयालक्ष्मींनी स्वच्छ मराठीत विचारलं, “किती वाजता यायचं?”

रविवारी हॉलमधल्या खुर्च्या पुरल्या नाहीत. शर्माआंटींनी सतरंज्या आणल्या. भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं, मागून इतक्या गळ्यांतून ते उमटलं, की सोसायटीचा गार्ड दारात येऊन टोपी काढून उभा राहिला. नीलम पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. तिला अजूनही रडू येत नव्हतं. पण पायांखालची फरशी गार आहे, हे तिला जाणवलं.

शेवटी माणसं उठायला लागली तेव्हा दत्तात्रय वाघमारे तिच्यापाशी आले. चौऱ्याहत्तर साली ट्रंक घेऊन उतरलेले, आता काठी टेकत चालणारे. पहिल्या रात्री रडलेले हेच, हे तिला ठाऊक होतं आणि ती कुणाला सांगणार नव्हती. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग सगळ्यांनी विचारलं तेच त्यांनी विचारलं.

“शेवटी काही बोलले का गं, बाळ?”

नीलमनं आठवून पाहिलं. नळाचा आवाज होता, हॉर्न होता. पण आता शब्द कळला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं राहिलेलं बोलणंही हळूहळू जागेवर येऊन बसलं होतं.

“हो,” ती म्हणाली. “मी लॅम्प बंद करत होते. तर म्हणाले, राहू दे, ऊब येऊ दे जरा. आणि डबा घे, ओट्यावर राहिलाय.”